गेन वाढवला म्हणजे रेंज वाढत नाही

लग्नसराई लागली की मला एकाच तऱ्हेचे फोन यायला लागतात. करणारे साउंडवालेच असतात; कुणी बार्शीचा, कुणी अक्कलकोटचा, कुणी आपल्याच सोलापूरच्या अशोक चौकातला. वायरलेस माईक मध्येच तुटतो, खरखर येते, अँटेनाला बूस्टर लावू का? मी सांगतो, बूस्टर असेल तर आधी काढ, आणि नसेल तर एक दहा डेसिबलचा पॅड लावून बघ. पॅड म्हणजे सिग्नल कमी करणारा छोटासा तुकडा; दहा डेसिबल म्हणजे दहा पट, वीस म्हणजे शंभर पट. सिग्नल कमी पडतोय म्हणून फोन केलेल्या माणसाला मी तो आणखी कमी करायला सांगतो, त्यामुळे पलीकडे थोडा वेळ शांतता पसरते. दोन मिनिटांत फोनवर हे पटवता येत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

गेन म्हणजे सिग्नल किती पट मोठा करायचा ते माप. पण मी म्हणतोय तो गेन मिक्सरवरचा नाही. मिक्सरवरच्या गेनने आवाज लहानमोठा होतो. त्याच्या कितीतरी आधी, रिसीव्हरच्या आत अँटेनापाशी, एक ॲम्प्लिफायर बसलेला असतो. हवेतून आलेला अगदी क्षीण सिग्नल पुढच्या टप्प्यांना पेलेल इतका तो मोठा करतो. तिथे एकदा घोळ झाला की मिक्सरवर बसलेल्या माणसाच्या हातात काही उरत नाही. कितीही चांगला मिक्सर असो, खराब होऊन आलेलं तो दुरुस्त करू शकत नाही.

किती क्षीण, ते बघा. हातातला माईक १० मिलिवॅट फेकतो, म्हणजे १० डीबीएम (एक मिलिवॅटशी तुलना करून मोजलेले डेसिबल). साडेपाचशे मेगाहर्ट्झच्या आसपास २५ मीटर मोकळ्या हवेत त्यातले साधारण ५५ डेसिबल जातात. मधे माणसं, फुलांची कमान, अँकरचा स्वतःचा हात, असं धरून आणखी वीस-पंचवीस. रिसीव्हरपाशी येतं ते उणे ६५ ते उणे ७०. एवढंही पुष्कळ आहे, कारण माईकच्या २०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात निसर्गाचा स्वतःचा नॉइज, म्हणजे न टळणारी खरखर, उणे १२१ वर असतो. म्हणजे नॉइजच्या वर पन्नास डेसिबल जागा शिल्लक आहे. मग तुटतं का? सिग्नल कमी पडतो म्हणून बहुतेक वेळा तुटत नाहीच. बाजूला काहीतरी प्रचंड मोठं बोलत असतं म्हणून तुटतं.

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्यांना हे लगेच कळेल. यंत्रमागाच्या शेडमध्ये कमी ऐकू येणाऱ्या माणसाने कानातल्या मशीनचा आवाज वाढवला, तर समोरच्याचं बोलणं वाढतं तसे मागही वाढतात, आणि एका मर्यादेनंतर मशीन सगळंच फाडून ऐकवायला लागतं. अँटेनाच्या बूस्टरचं अगदी तेच आहे. त्याला तुमचा माईक कुठला आणि बाकीचे कुठले, हे कळत नाही.

मग बूस्टर कशासाठी असतो? केबलसाठी. अँटेना स्टेजजवळ आणि रिसीव्हरचा रॅक मागे असला, की मधली केबल सिग्नल खाते. आरजी-५८ सारखी बारीक केबल या फ्रिक्वेन्सीला १५ मीटरमध्ये पाच-सहा डेसिबल सहज खाते. तेवढीच भरपाई करायची, आणि तीही अँटेनाच्या टोकाला, केबलच्या आधी. रिसीव्हरच्या टोकाला लावलेला बूस्टर केबलमध्ये आधीच दबलेला सिग्नल आणि नॉइज दोन्ही सारखेच वाढवतो, हाती काही लागत नाही. बेल लॅबमधल्या हॅराल्ड फ्रिस यांनी १९४४ मध्ये हे गणित मांडून ठेवलं: साखळीतला पहिला टप्पा किती नॉइज घालतो आणि किती गेन देतो, यावरच जवळजवळ सगळं ठरतं. आपल्याकडे मात्र तीन मीटरच्या केबलवर वीस डेसिबलचा बूस्टर लावलेला मी पाहतो, आणि त्यावर कुणीतरी "फुल रेंज" असं मार्करने लिहिलेलं असतं.

आता एका लग्नाचं सांगतो. होटगी रोडच्या बाजूचं एक मोठं मंगल कार्यालय. संगीताचा कार्यक्रम, दोन गायक, अँकर, मागे एलईडी वॉल. साउंड दुसऱ्याचं होतं. मला दुपारी बोलावलं, कारण अँकरचा माईक दर काही सेकंदांनी तुटत होता. गायकांचे माईक ठीक होते. माईक बदलून झाला होता, बॅटरी बदलून झाली होती, बूस्टरही आणून लावला होता. बूस्टर लावल्यावर गायकांचेही माईक बिघडले. ही मोठी खूण असते. सिग्नल खरोखरच कमी असता तर बूस्टरने थोडं तरी बरं झालं असतं.

रॅकसमोर उभा राहिलो आणि पहिल्यांदा अँकरचा माईक बंद करायला सांगितला. नेहमीचा नियम: आधी आपला ट्रान्समीटर बंद करायचा, मग रिसीव्हरकडे बघायचं. माझ्याबरोबर आलेला पोरगा वाकून बघत होता. "अण्णा, माईक बंद हाय की, तरी पाच दिवे पेटूलालेत!" त्या रिसीव्हरवर सिग्नल दाखवणारे दिवे होते, एका दिव्याला साधारण दहा डेसिबल. माईक बंद असताना तिथे एकही दिवा पेटायला नको.

त्याच रॅकमध्ये, रिसीव्हरच्या डोक्यावर, गायकांच्या कानातल्या मॉनिटरचे (त्यांना स्टेजवरचा आवाज कानात ऐकवणारे) दोन ट्रान्समीटर बसवले होते. प्रत्येकी ५० मिलिवॅट, अँटेना समोर, आणि रिसीव्हरच्या अँटेना त्यांच्यापासून अर्ध्या मीटरवर. एक होता ५६२.२ मेगाहर्ट्झवर, दुसरा ५६३.४ वर. अँकरचा माईक ५६४.६ वर. कागद काढला. दुसऱ्याची दुप्पट ११२६.८, त्यातून पहिला वजा केला की उरतात ५६४.६. बरोब्बर अँकरची जागा.

जोरदार सिग्नल ॲम्प्लिफायरला पेलवेनासे झाले की तो त्यांची एकमेकांत सरमिसळ करतो, आणि हवेत कुठेच नसलेला तिसरा सिग्नल आतच तयार होतो. इंटरमॉड्युलेशन म्हणतात ते हेच. अर्ध्या मीटरवरून ५० मिलिवॅट म्हणजे अँटेनापाशी जवळजवळ उणे ४ डीबीएम. अँकरचा माईक उणे ६५ च्या खाली. दोघांत साठ डेसिबलहून जास्त अंतर, म्हणजे शेजारचा दहा लाख पटींहून मोठा. आणि वर वीस डेसिबलचा बूस्टर.

पण हे झालं कागदावरचं. तो तिसरा सिग्नल रिसीव्हरच्या आत तयार होतोय की खरोखर बाहेरून येतोय, हे ओळखायचं असतं, कारण दोन्हींचे उपाय वेगळे. इथे तो दहा डेसिबलचा पॅड कामाला येतो. बूस्टर काढला. दिवे पाचचे पाच, कारण शेजारचे ट्रान्समीटर मुळातच इतके जवळ होते की रिसीव्हर बूस्टरशिवायही गुदमरत होता. मग अँटेनाच्या वायरीत पॅड अडकवला. सिग्नल बाहेरून येत असता तर दहा डेसिबलने कमी झाला असता, एकच दिवा विझला असता. विझले तीन. असं का होतं, तर आत तयार होणारा हा तिसरा सिग्नल मूळ सिग्नलच्या तिप्पट वेगाने खाली येतो: मूळ दहाने उतरवले की तो तीसने उतरतो. आपला माईक मात्र दहानेच उतरतो. दहा गमावून तीस घालवले, वीस डेसिबलचा निव्वळ फायदा. पोराला म्हटलं, आता माईक चालू कर आणि बोल. त्याने "हॅलो, चेक" म्हटलं आणि आवाज स्वच्छ आला. पॅड कायम ठेवूनसुद्धा कार्यक्रम निभावला असता.

पण तेवढ्यावर सोडून चालत नाही. दोन्ही मॉनिटर ट्रान्समीटर रॅकमधून काढले आणि स्टेजच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेले, आठ मीटरवर. अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी होतात. अर्ध्या मीटरवरून आठ मीटर म्हणजे चार दुपटी, चोवीस डेसिबल. एक पैसाही खर्च न करता. मग त्यांची पॉवर ५० वरून १० मिलिवॅटवर आणली, आणखी सात डेसिबल. गायक स्टेजवरच, ट्रान्समीटरपासून पाच-सहा मीटरच्या आत, त्यांना ५० लागतात कशाला? दोघांच्या अँटेना एकमेकांपासूनही दूर केल्या, कारण शेजारी ठेवलेले दोन ट्रान्समीटर एकमेकांच्या आउटपुटमध्ये घुसूनही हीच सरमिसळ करतात, आणि ती मग खरोखर हवेत जाते. तिथे रिसीव्हरवर पॅड लावून उपयोग नसतो. शेवटी अँकरचा माईक ५६४.६ वरून हलवला. फ्रिक्वेन्सी बदलणं मी मुद्दाम शेवटी ठेवतो. आधीच बदलली असती तर त्रास तेवढ्यापुरता गेला असता आणि रिसीव्हर तसाच गुदमरलेला राहिला असता. संध्याकाळी कुणी एक माईक वाढवला असता की दुसरीकडे फुटलं असतं.

यावरून एक सवय लावून घ्या: फ्रिक्वेन्सी समान अंतरावर कधीही ठेवू नका. ५६२.२, ५६३.४, ५६४.६ असं १.२ च्या पायरीने लावलं की दिसायला नीटनेटकं दिसतं, आणि शेजारशेजारच्या प्रत्येक जोडीचा कचरा तिसऱ्याच्या डोक्यावर पडतो. अंतरं ओबडधोबड हवीत. आणि चालू माईक एकमेकांना चिकटवून टेबलावर ठेवू नका. विंगेत सहा माईक एका ट्रेमध्ये चालू ठेवलेले असतात, सगळे एकमेकांत मिसळतात, आणि स्टेजवरच्या सातव्याचा आवाज जातो.

एलईडी वॉलचं प्रकरण निराळं. तिच्या पॉवर सप्लायमधून आणि ड्रायव्हरमधून पसरणारा नॉइज यूएचएफच्या, म्हणजे आपले माईक चालतात त्या फ्रिक्वेन्सींच्या, मोठ्या पट्ट्यात सपाट वर उठतो. तिथे पॅड लावला तर नॉइज आणि माईक दोन्ही सारखेच उतरतात, फायदा शून्य. तिथे एकच इलाज: दिशादर्शक अँटेना, तिची पाठ वॉलकडे आणि तोंड माईककडे. वॉल चालू झाल्याशिवाय माईकची तपासणी पूर्ण झाली असं मी मानत नाही, आणि वॉलवाले येतात सगळ्यांत शेवटी.

गुरुजींचा कॉलर माईक हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. एप्रिल-मे मधलं सोलापूरचं ऊन, मंगलाष्टकं साडेबाराला, आणि बॉडीपॅक (या माईकचा ट्रान्समीटर) सोवळ्यात कमरेला खोचलेला, अँटेना घामेजलेल्या अंगाला चिकटलेली. अंगाला टेकलेली अँटेना पंधरा-वीस डेसिबल सहज गमावते. तिथे रिसीव्हरचा गेन वाढवण्यापेक्षा पॅक कापडी पिशवीत घालून रिसीव्हरच्या बाजूला, अँटेना खाली मोकळी लोंबेल असा बांधा. गुरुजींना आदराने विनंती केली तर ते ऐकतात. आणि त्याच कमरेचा मोबाईल दुसऱ्या बाजूला ठेवायला सांगा. टूजीवर गेलेला फोन कॉल यायच्या आधी स्पीकरमधून टर्र-टर्र करतो, तो आवाज त्याच्या प्रसारणाच्या ठेक्याचा असतो, सेकंदाला २१७ वेळा. माईकच्या बारीक वायरीत तो थेट घुसतो. त्याचा रेंजशी काही संबंध नाही.

जुने, बाहेरून आणलेले सातशे मेगाहर्ट्झच्या वरचे सेट अजून बऱ्याच जणांकडे आहेत. २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला काही भाग फाइव्ह-जीसाठी गेला. ७०३ ते ७४८ हा भाग लोकांच्या खिशातल्या फोनच्या बोलण्यासाठी ठरलेला आहे, ७५८ ते ८०३ टॉवरसाठी. हॉल रिकामा असताना हे माईक छान चालतात आणि वऱ्हाड आलं की बसतात. त्यांच्यावर आता पैसे घालू नका. ८६५ ते ८६८ हा विनापरवाना पट्टा, तिथे फास्टॅगचे रीडरही असतात; पण खरी अडचण शेजारची आहे. ८६९ पासून वर टॉवरचं प्रसारण सुरू होतं. शेजारच्या गच्चीवर टॉवर असला तर एक-दोन मेगाहर्ट्झच्या अंतरात कुठला फिल्टर त्याला अडवणार? अशा ठिकाणी बूस्टर लावणं म्हणजे टॉवरलाच आत बोलावणं.

हे सगळं पेलण्यासाठी गेन आपोआप कमीजास्त करण्याची युक्ती रेडिओत फार जुनी आहे. अमेरिकेतल्या हॅरोल्ड व्हीलर यांनी १९२५ मध्ये ती काढली, दूरचं आणि जवळचं केंद्र सारख्याच आवाजात ऐकू यावं म्हणून. पण तिची एक खोड आहे. मोठा सिग्नल दिसला की ती सगळ्यांचाच गेन खाली आणते, आणि ज्याला ऐकायचं तो बारीक सिग्नल त्यात बुडतो.

तुमच्या हातातल्या मोबाईलमध्ये हीच लढाई काही सेंटिमीटरच्या जागेत चालते. आपल्याकडे फोर-जीचा एक मोठा पट्टा २३०० ते २४०० मेगाहर्ट्झ आहे आणि २४०० ला लागूनच वायफाय आणि ब्लूटूथ सुरू होतं. फोर-जीचा भाग २०० मिलिवॅटपर्यंत ओरडत असताना शेजारचा वायफायचा भाग उणे ७० डीबीएम ऐकायचा प्रयत्न करतो. म्हणून आतले भाग एकमेकांना निरोप देतात: मी आता बोलतोय, तू गेन उतरव, किंवा क्षणभर थांब. त्याहून बारीक गोष्ट म्हणजे, त्या क्षणी वायफायच्या आपोआप गेनने स्वतःचं माप घ्यायचं नसतं. घेतलं तर तो गेन झटकन खाली आणतो, प्रसारण थांबल्यावरही सावकाश वर येतो, आणि मधल्या वेळात आलेलं डेटाचं पाकीट हुकतं. म्हणून प्रसारण चालू असताना गेनचा आकडा आहे तिथे गोठवून ठेवतात आणि संपल्यावर तिथूनच पुढे चालू करतात. ब्लूटूथ वेगळी वाट काढतो: ७९ चॅनेलवर सेकंदाला १६०० उड्या मारतो, आणि २००३ पासून तो गोंगाटाची चॅनेल टाळायलाही शिकला आहे. मला या कामाचं फार कौतुक वाटतं. इतकी बारीक समज वापरून बनवलेलं यंत्र आपण खिशात घालून फिरतो.

आपल्या रॅकमध्ये असा निरोप कुणी कुणाला देत नाही. मॉनिटरचा ट्रान्समीटर एका कंपनीचा, रिसीव्हर दुसरीचा, वायफाय राउटर कार्यालयाचा, वॉकीटॉकी सिक्युरिटीवाल्यांच्या. कुणी कधी बोलायचं, किती जोरात आणि किती दूरून, हे साउंडवाल्यालाच ठरवावं लागतं. त्यासाठी मी कार्यक्रमाआधी सगळ्यांना जमवतो, व्हिडिओवाल्यांनासुद्धा, कारण कॅमेऱ्यावरचे वायरलेस माईक तेच घेऊन येतात. प्रत्येकाने आपापली फ्रिक्वेन्सी कागदावर लिहायची. सुरुवातीला तोंडं वाकडी होतात, मग सवय होते.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत हे फार जाणवतं. अक्षता सोहळ्यापासून शोभेच्या दारूकामापर्यंत होम मैदानाच्या आसपास कितीतरी जणांचं वायरलेस चालू असतं: चॅनेलवाले, स्टॉलवाले, पाळणेवाले, बंदोबस्तातले सेट. सकाळी स्कॅन करून रिकामा सापडलेला पट्टा संध्याकाळी रिकामा नसतो. त्या काळात मी सगळे ट्रान्समीटर चालू ठेवून, गर्दी जमल्यावर पुन्हा एकदा बघतो, आणि दोन फ्रिक्वेन्सी हातच्या राखून ठेवतो. चार-पाच वॅटचा वॉकीटॉकी रिसीव्हरच्या अँटेनाशेजारी उभं राहून कुणी दाबला, तर त्याची फ्रिक्वेन्सी शंभर मेगाहर्ट्झ दूर असली तरी साधा रिसीव्हर क्षणभर बधिर होतो. त्या माणसाला चार पावलं बाजूला उभं राहायची विनंती करणं हा तिथला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला फिल्टर.

राहता राहिली कार्यालयं. विजापूर रोड, होटगी रोड, अक्कलकोट रोडला नवी कार्यालयं उभी राहताना मी मालकांना भेटून सांगत असतो. डेकोरेशनच्या वायरींसाठी तुम्ही भिंतीत पाइप टाकताच. त्यातच साउंडच्या जागेपासून स्टेजच्या दोन्ही बाजूंपर्यंत चांगल्या जाड, ५० ओहमच्या दोन केबल टाकून ठेवा. टीव्हीची ७५ ओहमची नको. टोकं डोक्याच्या वर, दोन-अडीच मीटर उंचीवर काढा, म्हणजे अँटेना गर्दीच्या वरून बघेल. वायफायचा राउटर साउंडच्या टेबलाजवळच्या प्लगवर न लावता दुसऱ्या भिंतीवर लावा. एकाने हे केलंय. तिथे बूस्टरची गरज पडत नाही, मॉनिटरचे ट्रान्समीटर स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात ठेवायची जागा ठरलेली आहे, आणि कुठलाही साउंडवाला आला तरी अर्ध्या तासात त्याचे माईक तयार होतात.